बोटभर ग्रीस

गेल्या खंडेनवमीला साताऱ्याच्या आमच्या घरासमोर अण्णांची स्कूटर धुऊनपुसून उभी होती. आईने हँडलला झेंडूची माळ घातली. शेजारी पाट मांडून त्यावर माझी पान्यांची पेटी उघडून ठेवली आणि पाने, पक्कड, सॉकेट सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. प्लास्टर निघून आठवडा झाला होता आणि डावं मनगट ते अजून मांडीवर जपून ठेवत होते.

"नीट पूजा करून घे," ते आईला म्हणाले, "दिवाळीपर्यंत गाडी काढून टाकू. मला काय आता झेपायची नाही."

हातात आरतीचं ताट घेऊन मी तिथेच उभा होतो. गाडी अण्णांना झेपेनाशी झालेली नव्हती, हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं. पाटावरच्या पेटीतल्या एका डबीला ते नक्की माहीत होतं, पण डब्या बोलत नाहीत.

हा लेख त्या डबीबद्दल आहे. आपण स्वतःच्या हाताने केलेलं काम चुकलं आणि ती चूक कुणालाच दिसली नाही, तर पुढे आपण काय देणं लागतो, हा त्यातला प्रश्न.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी कोडची. आमच्या बॅचमध्ये असे निम्मे तरी असतील. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौकोनी करायचा 'जॉब' असायचा. सरांनी गुण्या लावून बघितला, सही केली की जॉब भंगारात. तो कुठल्या यंत्रात बसणार नव्हता, त्याच्यावर कुणी बसणार नव्हतं. हाताने काम करायचं माझं सगळं शिक्षण हे एवढंच.

स्कूटरचा नाद लागला तो नोकरीतल्या तिसऱ्या वर्षी. दिवसभर स्क्रीनवर काहीतरी हलवायचं आणि संध्याकाळी हाताला काहीच लागलेलं नसायचं. शनिवार-रविवार साताऱ्याला गेलो की अण्णांच्या गाडीशी खेळायला लागलो. आधी ऑइल बदललं. मग एअर फिल्टर, मग स्पार्क प्लग. मग धीर करून डाव्या बाजूचं झाकण उघडलं आणि बेल्ट, व्हेरिएटर, त्यातले छोटे रोलर बघितले. वेग वाढला की रोलर बाहेरच्या बाजूला सरकतात, पुलीची खाच अरुंद होते, बेल्ट वर चढतो आणि आपल्याला गिअर टाकावाच लागत नाही. हे परीक्षेत लिहून मी मार्क मिळवले होते. समजलं मात्र त्या दिवशी, बोटं काळी झाल्यावर.

अण्णांना याचं कौतुक होतं, पण ते दाखवायचे नाहीत. ते एसटीत ड्रायव्हर होते. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजून कपाटात पाकिटात जपून ठेवलाय. त्यांच्या पिढीला आमच्यासारखे व्हिडिओ बघावे लागले नाहीत. १९७२ साली आलेली चेतक घरात आली की दुरुस्तीही सोबतच यायची. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, कार्बोरेटरमधला कचरा फुंकायचा, गाडी कडेला तिरकी करून मग किक मारायची. हे ज्याला येत नाही त्याने स्कूटर घेऊच नये, असं अण्णांचं मत.

त्या चेतकच्या आठवणींतून मला पुढे एक गोष्ट सापडली, पण तेव्हा उशीर झाला होता. स्कूटरची कामं दोन जातींची असतात. पहिल्या जातीचं काम चुकलं तर गाडी बंद पडते. प्लग, फिल्टर, कार्बोरेटर, बॅटरी ही त्यातली. यात चुकलात तर दोन किलोमीटर ढकलत न्याल, घामाघूम व्हाल, शेजारी हसतील. दुसऱ्या जातीचं काम चुकलं तर गाडी थांबत नाही. चाकाचे नट, टायर, स्टिअरिंग, ब्रेक. आपण पहिल्या जातीत हात साफ करतो आणि तिथे मिळालेला आत्मविश्वास घेऊन दुसऱ्या जातीत शिरतो. पाने तेच असतात, त्यामुळे सीमा कुठे ओलांडली ते कळतही नाही.

गेल्या आषाढात अण्णा म्हणाले, मागचा ब्रेक जरा कुरकुरतोय, लिव्हर सोडल्यावर पटकन मागे येत नाही. मी म्हटलं, "असू दे, मी बघतो."

या गाडीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. मागचं चाक काढायचं तर आधी सायलेन्सर उतरवावा लागतो, मग पान्याला पाइप लावून मधला मोठा नट. चाक निघालं की आत अर्धचंद्रासारखे दोन शू दिसतात. एका टोकाला ते पिनवर टेकलेले, दुसऱ्या टोकाला दोघांच्या मधे एक चपटा कॅम. तुम्ही लिव्हर दाबता, केबल ओढली जाते, कॅम फिरतो, शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून घासतात. लिव्हर सोडली की स्प्रिंगा शू परत मिटवतात. कॅमची दांडी कोरडी पडली, गंजली की ती परत फिरायला कुरकुर करते. अण्णांनी सांगितलेलं दुखणं हेच होतं.

दांडी काढून पॉलिश पेपरने घासली. ओल्या फडक्याने धूळ पुसली. फुंकली नाही, कारण ती छातीत जाते. स्प्रिंगा अडकवून दोन्ही शू व्ही आकारात धरून एकदम दाबून बसवले. ही युक्ती पहिल्याच फटक्यात जमली आणि मला फार भारी वाटलं. मग कॅमला ग्रीस लावलं. इथे नखाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस पुरतं, आणि तेही उष्णता सोसणारं लागतं. माझ्याकडे गेटच्या बिजागरीला आणलेली डबी होती. मी बोटभर काढलं आणि छान थापलं. भरपूर असलेलं बरं, कुरकुर पुन्हा यायला नको. लिव्हरचा खेळ सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ठेवून नट बसवला, गल्लीत दोन चकरा मारल्या. ब्रेक मस्त लागला. कुरकुर गेली. अण्णांनी किल्ली घेतली आणि "बरं झालं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप.

श्रावणातल्या एका सोमवारी ते यवतेश्वरला गेले. दर्शन घेऊन घाट उतरताना एका वळणावर गाडी थांबली नाही. वेग फार नव्हता. त्यांनी ती डोंगराच्या बाजूला घातली, म्हणून मनगटावर भागलं. दुसऱ्या बाजूला काय आहे, ते तो रस्ता बघितलेल्यांना सांगायला नको.

रात्री मी साताऱ्यात पोचलो तेव्हा ते प्लास्टर घालून बसले होते. "दाबला होता रे ब्रेक," ते म्हणाले, "लिव्हर घट्ट होती. पण पकडलंच नाही. मीच उशिरा दाबला असणार. आणि इंजिन बंद केलं होतं वरपासून, ते नडलं." मग जरा थांबून, "हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी चाक उघडलं. एका शूच्या लायनिंगवर कॅमच्या बाजूला काळपट चकचकीत डाग होता. गिअरबॉक्सचं ऑइल सील गळलं तरी शू असे भिजतात, म्हणून मी आधी तिथे बोट फिरवलं. खरं सांगायचं तर ते गळकं निघावं अशी माझी फार इच्छा होती. सील कोरडं होतं. कॅमच्या खालून मात्र एक ओघळ शूपर्यंत आलेला, आणि त्याचा वास माझ्या डबीचा.

ग्रीस प्यायलेलं लायनिंग धुऊन वापरायचं नसतं. मी पोवई नाक्याजवळच्या दुकानातून नवे शू आणले, ड्रम साफ केला, यावेळी नखभर योग्य ग्रीस लावलं आणि सगळं बंद केलं. जुने शू पिशवीत गुंडाळून पुण्याला घेऊन आलो. घरच्या कचऱ्यात टाकायचं धाडस झालं नाही.

आणि मी कुणाला काही बोललो नाही.

बोलायचं नव्हतं असं नाही. माझ्याकडे एक चांगलं कारण होतं, आणि अडचण तीच होती. खरोखरच एकापेक्षा जास्त कारणं होती. पेट्रोल वाचवायला घाटमाथ्यावरच इंजिन बंद करायची अण्णांची जुनी सवय. बिनगिअरच्या गाडीत अशा वेळी क्लच धरतच नाही, इंजिनचा जो थोडाफार रोध मिळाला असता तोही जातो, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यातून ते पुढचा ब्रेक जवळजवळ वापरत नाहीत. गाडी घसरते ही त्यांच्या पिढीची समजूत. म्हणजे एकटा मागचा ड्रम उतारभर तापत राहिला. तापलेला ड्रम ग्रीस नसतानाही कमी पकडतो. मग माझ्या ग्रीसचा वाटा किती? दहा टक्के? साठ? हे कुणीच सांगू शकत नाही. मीही नाही.

या 'सांगता येत नाही'च्या आडोशाला मी सात आठवडे बसून होतो.

माझ्या कामात यासाठी चांगली पद्धत आहे. एखादी सेवा बंद पडली की आम्ही अहवाल लिहितो आणि त्यात कुणाचं नाव घालत नाही. 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टम' म्हणतात त्याला. अमक्याने चूक केली असं न लिहिता, चूक पुढे जाऊ शकली कारण अमकी तपासणी नव्हती, असं लिहायचं. ही पद्धत मला मनापासून पटते. नावं घ्यायला लागलं की माणसं लपवायला लागतात आणि मग काहीच सुधारत नाही. तर मीही मनात अण्णांच्या अपघाताचा असाच अहवाल लिहिला: तीन कारणं, एकत्र आली, कुणाचा दोष नाही.

पण त्या अहवालात एक खोट होती. नाव न घेण्याची सभ्यता तेव्हाच चालते, जेव्हा दोषाची जागा खरंच रिकामी ठेवलेली असते. आमच्या घरात ती रिकामी नव्हती. तिथे अण्णा बसले होते. त्यांनी स्वतःच स्वतःचं नाव लिहून टाकलं होतं, आणि मी गप्प राहून खाली सही करत होतो.

मधल्या काळात मी जे वाचत सुटलो त्यात १९७६ सालचे दोन निबंध होते. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी एकाच परिसंवादात 'मॉरल लक' म्हणजे नैतिक नशीब हा विषय मांडला. दोघांकडेही ट्रकचालकाचं उदाहरण आहे. काही चूक नसताना त्याच्या ट्रकखाली एक मूल येतं. विल्यम्स म्हणतो, त्या चालकाला जे वाटेल ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाला वाटणार नाही. दोष नसला तरी ते त्याच्या हातून घडलं, आणि 'तुझी काही चूक नव्हती' असं ऐकल्याबरोबर जो चालक लगेच मोकळा होईल, त्याच्याबद्दल आपल्याला शंकाच येईल. नेगल एक पाऊल पुढे जातो. समजा त्या चालकाने ब्रेक तपासून घेण्यात हयगय केली होती. मूल मधे आलंच नसतं तर हीच हयगय किरकोळ ठरली असती. हयगय तेवढीच, आणि नशिबाने एकात आयुष्यभराचा दोष, दुसऱ्यात काहीच नाही.

ब्रेकचंच उदाहरण वाचून मी फोन उलटा ठेवला होता.

अण्णा त्या सोमवारी यवतेश्वरला न जाता नेहमीसारखे दूध आणायला गेले असते, तर ग्रीस वितळलं नसतं. पुढच्या वेळी चाक उघडून मी 'अरेच्चा' म्हणत डाग बघितला असता आणि संध्याकाळी मित्रांना गंमत म्हणून सांगितला असता. बोटभर ग्रीस तेच. यात मी कुठे कमी-जास्त वाईट आहे? नेगलने हे कोडं सोडवलेलं नाही, मीही सोडवणार नाही. पण वाचताना एक जाणवलं. हे निबंध घडलेल्या क्षणापाशी थांबतात. नशिबाचा वाटा त्या वळणापर्यंतच होता. त्यानंतरच्या सात आठवड्यांत नशीब कुठेच नव्हतं. कॅमला किती ग्रीस लागतं हे मला माहीत नव्हतं, ते अज्ञान. अण्णा दर रविवारी फोनवर "वय झालं रे" म्हणायचे आणि मी "तसं काही नाही हो अण्णा" म्हणायचो, तेव्हा मला सगळं माहीत होतं.

म्हणून खंडेनवमीला, आई निरांजन ओवाळत असताना, मी ताट खाली ठेवलं आणि सांगितलं. ठरवून नाही. 'काढून टाकू' हा शब्द ऐकल्यावर निघून गेलं तोंडातून.

अण्णांनी आधी काही विचारलं नाही. मग म्हणाले, "किती लावलं होतंस?"

मी बोट दाखवलं.

"एवढं?" ते आईकडे बघून म्हणाले, "एवढ्यात अख्ख्या आळीची गेटं झाली असती." मला वाटलं, सुटलो. पण त्यांचा चेहरा हसरा नव्हता. "ग्रीसचं काही नाही. चुकतं माणूस. मी इंजिन बंद केलं, तेही चुकलंच. पण सात आठवडे मला म्हातारा करून ठेवलंस तू."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, शेवटी मी म्हणेन की ब्रेकची कामं घरी करू नका, गॅरेजला द्या. ते सोपं झालं असतं आणि अगदी चूकही नाही. आमच्या कोपऱ्यावरचे गॅरेजवाले काका आठवड्यात जितके ब्रेक उघडतात, तितके मी आयुष्यात उघडणार नाही. कुठल्या जागी किती ग्रीस, हे त्यांच्या बोटाला माहीत आहे. शिवाय गाडी परत देण्याआधी ते स्वतः चालवून बघतात, आणि काही बिघडलं तर त्यांच्या दारात जाऊन भांडता येतं. आपल्याकडे आता 'राईट टू रिपेअर'ची चर्चा असते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी समिती नेमली, त्यात गाड्याही आहेत. सुटे भाग, माहिती ग्राहकाला मिळावी, हे मला हवंच आहे. पण काकांच्या दारात भांडता येतं, तसं माझ्याही दारात भांडता आलं पाहिजे. दुरुस्तीचा हक्क मी घेतला तर हे दारही मला उघडं ठेवावं लागतं. अण्णांना भांडायचंय हेच माहीत नव्हतं, कारण मी दार लावून घेतलं होतं.

म्हणून मी पाने ठेवून दिलेले नाहीत. पण काही गोष्टी बदलल्या. न थांबण्याच्या जातीतलं काम केलं तर पहिला आठवडा गाडी फक्त मी चालवतो, उतारावरसुद्धा. झाकण लावण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून घालतो. ऑफिसात दोन ओळींचा कोडही रिव्ह्यूशिवाय पुढे जात नाही, आणि बापाच्या ब्रेकला मी रिव्ह्यू मागितला नव्हता, याची लाज वाटते. तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आणि मला सगळ्यात जड जाते. किल्ली देताना मी काय उघडलं, काय बदललं आणि कशाची मला पूर्ण खात्री नाही, ते चालवणाऱ्याला सांगतो. मागे बसणाऱ्यालाही. काम माझ्या हौसेचं असेल, पण हाडं त्यांची असतात, आणि कशावर बसायचं हे ठरवायचा हक्कही त्यांचाच.

पाने हातात घेणाऱ्या माझ्या वयाच्या मुलामुलींना मी एवढंच सांगेन, शिका. फार मजा आहे त्यात. पण शेवटचा नट आवळला म्हणजे काम संपलं असं समजू नका. काही चुकलं तर ते सांगणंही त्याच कामात मोडतं. त्याला पाना लागत नाही, आणि मला मात्र सात आठवडे लागले.

स्कूटर विकली नाही. दिवाळीनंतर एका सकाळी अण्णांनी किल्ली मागितली. जायच्या आधी मला मागचं चाक उघडायला लावलं, चष्मा लावून वाकून कॅम बघितला, नखाने ग्रीस खरवडून बघितलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत दोन्ही ब्रेक दाबत दाबत गेले, एसटी डेपोतून बाहेर काढताना दाबायचे तसे, आणि दूध घेऊन आले.

घाटात अजून गेलेले नाहीत. येत्या श्रावणात जायचं म्हणतात. इंजिन चालू ठेवणार का, विचारलं तर म्हणाले, "तू आधी तुझं ग्रीस बघ."